इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात गेलेल्यांच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न (सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ)

कॅपमधून (राज्याच्या केंद्रीकृत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश निश्चित झाला की पालकांच्या प्रश्नांचा ओघ सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत थांबत नाही. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतल्या, पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी ही उत्तरं आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉलेज "विद्यापीठाचं" आहे की "स्वायत्त"? आम्हाला काय फरक पडतो?

परीक्षेच्या बाबतीत बराच पडतो. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि निकाल विद्यापीठाचे. स्वायत्त कॉलेजात पदवी विद्यापीठाचीच मिळते, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं आणि घेतं. त्यामुळे शेजारच्या मुलाचा "केटीचा नियम" (विषय राहिला तरी पुढच्या वर्षात जाण्याचा, प्रश्न १५) तुमच्या मुलीला लागू असेलच असं नाही. खालची परीक्षेची उत्तरं (१२ ते १६) संलग्न कॉलेजांसाठी आहेत. स्वायत्त कॉलेज असेल तर त्यांच्या संकेतस्थळावरची परीक्षा नियमावली उघडा.

शिवाजीनगरच्या सीओईपीबद्दल नेहमी गोंधळ होतो. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पुणे विद्यापीठाचे नियम तिथे चालत नाहीत.

२. कॉलेजात कागद जमा करायला जाताना काय काय न्यायचं?

दहावी-बारावीची गुणपत्रकं, सीईटी किंवा जेईईचं गुणपत्रक, कॅपचं जागावाटपाचं पत्र, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला, आधार आणि फोटो. राखीव जागा असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर. ईडब्ल्यूएस किंवा शिष्यवृत्तीसाठी त्या त्या वर्षाचा दाखला. बारावीनंतर वर्ष मोकळं गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. बारावी सीबीएसई किंवा इतर राज्याच्या मंडळाची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही.

प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन करून ठेवा. स्कॅन मुलाच्या फोनवरही असू द्या. वर्षभर कुठला ना कुठला फॉर्म तो मागत राहतो आणि प्रत्येक वेळी गावाकडून फोटो मागवला की तो अंधुक येतो.

नॉन-क्रिमीलेअर चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं आणि ते राज्याच्या नमुन्यातलं हवं. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला जेईईला चालतो, इथे तोच नाकारला जातो. दरवर्षी बरेच पालक इथे अडकतात.

३. कॉलेज मूळ कागद ठेवून घेतं म्हणतं. द्यायचे का?

शाळा सोडल्याचा दाखला मूळ द्यावाच लागतो. गुणपत्रकं, जातीचा दाखला आणि वैधता हे मूळ कागद फक्त पडताळणीपुरते दाखवायचे आणि परत घ्यायचे. संस्थांनी ते अडकवून ठेवू नयेत, असे यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) या दोघांचेही आदेश आहेत. तरी कोणी मागितलेच तर "का आणि किती दिवसांसाठी" हे लिहिलेली, शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. मूळ दाखला देण्याआधी त्याच्याही दोन रंगीत प्रती काढा.

४. एलिजिबिलिटी, पीआरएन, एबीसी आयडी ही काय भानगड आहे?

एलिजिबिलिटी म्हणजे हा विद्यार्थी पदवीला पात्र आहे याची विद्यापीठाने केलेली नोंद. पीआरएन हा विद्यापीठातला कायमचा नोंदणी क्रमांक, चारही वर्षं तोच. एबीसी आयडी बारा अंकी असतो, डिजिलॉकरमधून निघतो आणि मिळवलेली क्रेडिट्स (उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक) त्या खात्यात जमा होतात.

इथे एकच गोष्ट बिघडते, ती म्हणजे नाव. बारावीच्या गुणपत्रकावर "राजेंद्र" आणि आधारवर "राजेन्द्र", किंवा आईच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. पहिल्याच महिन्यात आधार दुरुस्त करून घ्या. शेवटच्या वर्षी पदवी प्रमाणपत्रावरचं नाव बदलायचं म्हटलं तर विद्यापीठाच्या खेपा घालाव्या लागतात.

५. फी नेमकी कशाची? ठरलेल्या फीशिवाय "इतर शुल्क" मागतात, ते द्यायचं का?

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्यानुसार. मंजूर आकड्यात शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क येतं. कॉलेजनिहाय आकडे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. पावतीवरचा आकडा तिथल्या आकड्याशी ताडून पाहा.

विद्यापीठाचं पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क, विमा, परत मिळणारी अनामत रक्कम हे वेगळं असतं आणि त्यात गैर काही नाही. हॉस्टेल, मेस आणि बस या ऐच्छिक सेवा आहेत, त्या प्रवेशाला जोडता येत नाहीत. पावती न देता पैसे मागितले तर तो मामला १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याचा. पुढच्या वर्षांची फी आत्ताच भरायला लावणंही चालत नाही.

६. शिष्यवृत्तीचा अर्ज कधी, कुठे करायचा? आमचा दरवर्षी "सेंड बॅक" होतो.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. पोर्टल सुरू झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात भरा, कारण चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ उरतो. योजना ढोबळमानाने अशा:

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे अजून ईबीसी म्हणतात: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत, शिकवणी आणि परीक्षा शुल्काच्या निम्मी रक्कम, कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांना. अनुसूचित जातीसाठी उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. घरापासून दूर राहणाऱ्या अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. हा भत्ता कॉलेजच्या फीपेक्षा निराळा आहे आणि त्याचा अर्जही निराळा. अनेकांना तो मिळू शकतो हेच माहीत नसतं.

अर्ज परत येण्याची कारणं दरवर्षी तीच असतात. उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. बँक खातं आधारशी "जोडलेलं" असतं, पण एनपीसीआयच्या (बँकांमधली देयकं हाताळणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत नसतं. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग" असे स्पष्ट शब्द वापरा, नुसतं केवायसी करून परत येऊ नका. कॅपचा अर्ज क्रमांक चुकलेला असतो. किंवा अर्ज पोर्टलवर भरला, पण त्याची छापील प्रत कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात दिलीच नाही, म्हणून कॉलेजच्या लॉगिनमध्ये तो तसाच पडून राहतो. यातलं कॉलेजकडचं अडकणं सर्वांत त्रासाचं, कारण पोर्टलवर "अर्ज सादर" दिसतं आणि आपण निर्धास्त राहतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती बघत जा.

काही योजनांत रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि ती ठरल्या मुदतीत कॉलेजला भरायची असते. ती फी आहे, पॉकेटमनी नव्हे. मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

७. मुलींची फी माफ आहे ना? मग कॉलेज पैसे का मागतंय?

२०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना निम्म्याऐवजी पूर्ण शिकवणी आणि परीक्षा शुल्क शासन देतं. पण चार गोष्टी लक्षात घ्या. प्रवेश कॅपमधून झालेला हवा, संस्थास्तरावरच्या म्हणजे मॅनेजमेंटच्या जागेला हे लागू नाही. विकास शुल्क, हॉस्टेल आणि मेस यात येत नाहीत. महाडीबीटीचा अर्ज मुलीलाच भरावा लागतो, माफी आपोआप होत नाही. आणि दरवर्षी नूतनीकरण लागतं.

पात्र मुलींकडून शिकवणी शुल्क आगाऊ घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. कॉलेज आधी सगळं भरा म्हणालं तर शासन निर्णयाची प्रत घेऊन प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. खिडकीवरच्या कारकुनाशी वाद घालून काही निघत नाही, त्याला तो अधिकारच नसतो.

८. शैक्षणिक कर्ज काढावं का?

फी आणि राहण्याचा खर्च बचतीतून भागत असेल तर नको. नसेल तर सावकार, पतपेढी किंवा सोनंतारण यांच्या आधी बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून होतो. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत मालमत्ता तारण मागत नाहीत. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तर शिकत असतानाच दरमहा साधं व्याज भरत जा, पुढचा हप्ता बराच हलका होतो. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेबद्दल बँकेत विचारा.

व्याजावर आयकरात ८०ई ची वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नवी निवडली असेल तर ती विसरा.

९. हॉस्टेल, खोली की कॉट बेसिस?

पहिल्या वर्षी कॉलेजचं हॉस्टेल मिळत असेल तर तेच घ्या. जेवण किंवा शिस्त यांपेक्षा महत्त्वाचं कारण म्हणजे सबमिशनच्या (जर्नल-असाइनमेंट जमा करण्याच्या) आदल्या रात्री शेजारच्या खोलीत त्याच वर्गातला कोणीतरी जागा असतो.

नाही मिळालं तर कॉट बेसिस, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने. घेण्याआधी ती खोली संध्याकाळी बघा, दुपारी नको. पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, वीजबिल भाड्यात धरलं आहे की वेगळं, दार रात्री किती वाजता बंद होतं आणि अनामत रकमेतून जाताना काय कापणार हे विचारा. सगळं लिहून घ्या. फ्लॅट असेल तर अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा. कायद्याने ती घरमालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिल्याची पोचही मागा.

अंतर किलोमीटरने मोजू नका. पुण्यात धनकवडीचं कॉलेज आणि कोथरूडची खोली नकाशावर जवळ दिसते, पण सकाळच्या वाहतुकीत पहिलं लेक्चर हातचं जातं. बिबवेवाडी, कर्वेनगर, वडगाव, निगडी, आकुर्डी, कुठलंही असो, चालत पंधरा मिनिटांच्या आतली साधी खोली लांबच्या चांगल्या फ्लॅटपेक्षा बरी.

आणि पाणी. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले आणि त्याचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला. फिल्टर कुठला आहे आणि तो शेवटचा कधी बदलला, हा प्रश्न आता औपचारिक राहिलेला नाही. मेस निवडतानाही आधी पिण्याचं पाणी बघा, भाजी नंतर. महिन्याचे पैसे एकदम भरण्याआधी तीन-चार दिवस कूपनवर जेवून पाहावं.

१०. लॅपटॉप कुठला? दुकानदार एक लाखाचा सांगतोय.

कॉम्प्युटर, आयटी, एआय, ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) या शाखांना १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि आय५ किंवा रायझन ५ दर्जाचा प्रोसेसर चार वर्षं पुरतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. गेमिंग लॅपटॉप जड असतो, बॅटरी लवकर संपते आणि चार्जर दप्तरात विटेसारखा पडून राहतो.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी थांबावं. त्रिमितीय डिझाइन आणि विश्लेषणाची सॉफ्टवेअर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लागतात, तेव्हा ४ जीबी स्वतंत्र ग्राफिक्सचं मशीन घेता येतं. पहिल्या वर्षी साधा लॅपटॉप किंवा कॉलेजची लॅब चालते. मॅकबुक घेताना विचार करा, सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना मोफत मिळतं, त्यामुळे दुकानदाराने "सगळं टाकून देतो" म्हणून लावलेले पैसे वाचवा.

११. पहिल्या आठवड्यात आणखी काय विकत घ्यायचं?

प्रोग्रॅम न करता येणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर (९९१ मालिकेतला बहुतेक जण घेतात, प्रोग्रॅमेबल परीक्षेत चालत नाही), वर्कशॉपचा ॲप्रन आणि पाऊल झाकणारे बूट. ॲप्रनचा रंग कॉलेज सांगतं, आधी शिवून घेऊ नका. इंजिनिअरिंग ग्राफिक्स (ड्रॉइंग) या विषयाला मिनी ड्राफ्टर, २एच आणि एच पेन्सिली, शीट ठेवायची नळी. मिनी ड्राफ्टर वरच्या वर्गातल्या मुलांकडून अर्ध्या किमतीत मिळतो, फक्त त्याचे स्क्रू सैल नाहीत ना ते बघा, नाहीतर प्रत्येक रेघ तिरकी.

पुस्तकं लगेच घेऊ नका. पहिल्या वर्षी वर्ग दोन गटांत विभागतात. एका गटाला पहिल्या सत्रात भौतिकशास्त्र, दुसऱ्याला रसायनशास्त्र, आणि पुढच्या सत्रात अदलाबदल. इतर काही विषयही असेच फिरतात. गट कळल्यावर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जा आणि पुस्तकावर आपला "पॅटर्न", म्हणजे अभ्यासक्रम लागू झाल्याचं वर्ष, छापलेला आहे ना ते पाहा. २०१९ च्या पॅटर्नचं स्वस्त मिळालेलं पुस्तक २०२४ च्या पॅटर्नला सगळं उपयोगी पडत नाही.

१२. परीक्षा आणि मार्क कसे असतात?

वर्षाची दोन सत्रं. लेखी विषयाला साधारण ३० गुण सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाला आणि ७० सत्राअखेरच्या लेखी परीक्षेला. उत्तीर्ण व्हायला ४० टक्के. टर्मवर्क (सत्रभराचं जर्नल-असाइनमेंटचं काम), प्रॅक्टिकल आणि ओरल यांचे वेगळे गुण असतात आणि त्यांत वेगळं पास व्हावं लागतं. निकाल टक्क्यांत नाही, एसजीपीए (एका सत्राची गुणांक-सरासरी) आणि सीजीपीएमध्ये (आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांची) येतो.

सत्र लांब वाटतं, प्रत्यक्षात शिकवणीचे आठवडे थोडे असतात. सुरुवातीला एआयसीटीईने सांगितलेला तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम, मग गणपती, मग अंतर्गत परीक्षा, मग सबमिशन. मुलाला गणपतीला गावी न्यायचं तर जरूर न्या, पण दहाही दिवस नको.

परीक्षेचा फॉर्म विद्यार्थ्याने स्वतः ऑनलाइन भरायचा असतो. मुदत चुकली की आधी विलंब शुल्क, मग आणखी मोठं विलंब शुल्क.

१३. हजेरी ७५ टक्के खरंच बघतात का?

हो. कमी पडली तर टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे सत्र मान्य होत नाही, आणि परीक्षेला बसू देत नाहीत. व्यवहारात अनेक कॉलेजं दंड, जादा असाइनमेंट किंवा पालकांना बोलावून मार्ग काढतात. म्हणून मुलं "काही होत नाही" म्हणतात आणि एखाद्या वर्षी ते होतं. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला परतल्यावर त्याच आठवड्यात जमा करा. सत्राच्या शेवटी आणलेला दाखला कोणी मानत नाही.

१४. बारावीला गणितात ९० होते, इथे कसेबसे पास. क्लास लावायचा का?

लगेच नको. पहिल्या सत्रातली घसरण बहुतेकांची होते. बारावीत वर्षभर जेवढं झालं तेवढं इथे काही आठवड्यांत होतं, आणि तयार नोट्स हातात देणारं कोणी नसतं. एम-१ (गणिताचा पहिला पेपर) आणि मेकॅनिक्स हे अडणारे विषय, आणि दोन्ही वाचून येत नाहीत, सोडवून येतात. विद्यापीठाच्या मागच्या प्रश्नपत्रिका युनिटवार लावून, वेळ लावून सोडवणं हा क्लासपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. त्यानंतरही एखाद्या विषयात पाय रुतलेला असेल तर त्या एका विषयाचा क्लास लावा. "सगळ्या विषयांचं पॅकेज" घेऊ नका, संध्याकाळ तिथे जाते आणि सबमिशन मध्यरात्री लिहावं लागतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं हेच आणखी तीव्र असतं. विषय येत असतो, प्रश्न समजायला वेळ लागतो. त्यांनी पहिले दोन महिने प्रत्येक विषयाच्या संज्ञांची वही ठेवावी आणि ओरलची उत्तरं मोठ्याने बोलून सराव करावा. पेपरपेक्षा ओरलमध्येच त्यांचे गुण जास्त जातात.

१५. दोन विषय राहिले. वर्ष गेलं का?

नाही. दुसऱ्या वर्षात जायला पहिल्या वर्षाची निम्मी क्रेडिट्स पुरतात, हेच एटीकेटी. राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत सोडवायचे. खरी अडचण एक वर्ष पुढे येते. तिसऱ्या वर्षात जायचं तर पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं हवं आणि दुसऱ्याची निम्मी क्रेडिट्स हवीत. दुसऱ्या वर्षात एम-३ सारखे विषय डोक्यावर असताना एम-१ चा बॅक ओढत राहिला की मुलं तिथे अडकतात आणि वर्ष डाऊन होतं. म्हणून राहिलेला विषय पहिल्या मिळेल त्या परीक्षेत काढायचा, "पुढच्या वेळी दोन्ही एकदम" असं नाही.

रागावण्याआधी निकालपत्र बघा. राहिलेला विषय लेखी आहे की प्रॅक्टिकल-ओरल? प्रॅक्टिकलला गैरहजर असेल तर प्रश्न अभ्यासाचा नाही, तो कुठे होता हा आहे. तेव्हा प्रश्न २० वाचा.

१६. निकाल आम्हाला कसा बघता येईल? पेपर पुन्हा तपासून मिळतो का?

विद्यापीठाच्या निकालाच्या पानावर बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं, परीक्षा फॉर्मवर जसं लिहिलं तसंच.

गुण अनपेक्षित कमी असतील तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ऑनलाइन, ठरलेलं शुल्क भरून. प्रत आली की विषयाच्या शिक्षकांना दाखवा. बेरीज चुकली आहे, एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे, किंवा बरोबर उत्तराला शून्य आहे असं दिसलं तरच पुनर्मूल्यांकनाला जा. दोन्हींच्या मुदती अगदी थोड्या दिवसांच्या असतात. निकाल लागेपर्यंत राहिलेल्या विषयाचा परीक्षा फॉर्मही भरून ठेवा, पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर तो सोडू नका.

१७. दुसऱ्या वर्षी शाखा बदलून मिळेल का? कॉलेज बदलता येईल का?

शक्य आहे, भरवसा ठेवू नये. बदल होतो तो दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, त्या शाखेत जागा रिकामी असेल तर, पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि बॅक नसताना. कॉम्प्युटरमध्ये जागा रिकाम्या पडतात त्या थोड्या, आणि मागणारे पुष्कळ. कॉलेज बदलायचं तर दोन्ही कॉलेजांची संमती लागते, आणि स्वायत्त कॉलेजातून संलग्न कॉलेजात जाताना अभ्यासक्रम जुळवून राहिलेले विषय द्यावे लागतात.

टीएफडब्ल्यूएसमधून, म्हणजे शिकवणी शुल्क माफीच्या जागेवर प्रवेश असेल तर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. हे प्रवेश घेताना कोणी सांगत नाही.

नावडत्या शाखेवर दुसरा मार्ग आहे: दुसऱ्या शाखेतली मायनर पदवी. नेहमीच्या क्रेडिट्सशिवाय १८ ते २० जादा क्रेडिट्स घ्यावी लागतात. मेकॅनिकलचा मुलगा डेटा सायन्स शिकू शकतो, आणि मेकॅनिकलची पदवीही हातात राहते. आमच्या मते शाखा बदलण्यामागे वर्ष घालवण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

१८. आमचा प्रवेश जात वैधतेच्या पावतीवर झाला. प्रमाणपत्र वेळेत नाही आलं तर?

राखीव जागेवरचा प्रवेश धोक्यात येतो. मूळ प्रमाणपत्राची मुदत त्या वर्षीच्या शासन आदेशात असते आणि ती पाळावीच लागते. पावती मिळाली म्हणून घरी बसू नका. जात पडताळणी समितीकडून त्रुटीचा संदेश फॉर्ममध्ये दिलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो नंबर बऱ्याचदा सायबर कॅफेवाल्याचा असतो. आधी तो तपासा. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र सगळ्यात उपयोगी. महसुली आणि शाळेचे जुने पुरावे मानीव दिनांकाच्या (त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेच्या) आधीचे लागतात, ते गावातल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधून काढावे लागतात, आणि त्याला वेळ जातो. अनुसूचित जमातीची समिती वेगळी आहे, जिल्हा समितीकडे अर्ज करून उपयोग नाही.

१९. रॅगिंग होतंय असं वाटतं. कुठे सांगायचं?

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, दोषी ठरला तर कॉलेजमधून काढून टाकणं आणि पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. यूजीसीची चोवीस तासांची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. नाव न सांगताही तक्रार करता येते.

मुलगा "सांगू नका" म्हणत असेल तरी तारीख, वेळ, ठिकाण, मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवरचं "इंट्रो"सुद्धा रॅगिंगमध्येच येतं. दरवर्षी भरायचं रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याइतकंच पालकांचंही असतं, वाचून भरा.

२०. मुलगा फोन उचलत नाही, कॉलेजही काही सांगत नाही. काय करायचं?

प्रत्येक वर्गाला मार्गदर्शक शिक्षक असतात, वीस-बावीस मुलांमागे एक. त्यांचं नाव आणि कॉलेजचा ईमेल पहिल्याच महिन्यात घेऊन ठेवा. विभागप्रमुखांना किंवा प्राचार्यांना फोन करण्यापेक्षा त्यांच्याशी बोला, हजेरी त्यांच्याकडे असते.

झोप उलटसुलट होणं, मेस सोडणं, प्रॅक्टिकल चुकवणं, सणाला घरी यायला नकार देणं, हे एकत्र दिसू लागलं तर पुढच्या गाडीने जा. मार्कांचा विषय काढू नका, आधी सोबत जेवा. गरज वाटली तर केंद्राची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. एखाद्या सत्राचं नुकसान भरून निघतं.

२१. गाडी द्यावी का?

अठरा पूर्ण आणि परवाना असेल तर पुढच्या वर्षी विचार करा. अठराच्या आत असेल तर अजिबात नको. अल्पवयीन चालकाकडून गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमानुसार पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीएमपीचा विद्यार्थी पास काढा. मुलगी एसटीने गावी येत असेल तर मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट निम्मं आहे, वेगळा पास लागत नाही.

२२. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश आहे. आमच्यासाठी काय वेगळं?

वरचं बहुतेक लागू आहे, दोन फरक सोडून. कॅपच्या फेऱ्या उशिरा संपतात, त्यामुळे तुमचा मुलगा वर्गात पोहोचतो तेव्हा अभ्यासक्रमाचा काही भाग होऊन गेलेला असतो. आणि एम-१, एम-२ न करता तो थेट एम-३ ला भिडतो. निकालाची वाट न बघता उन्हाळ्यातच अवकलन-समाकलन आणि मॅट्रिक्स उजळणी करून ठेवली तर पहिली अंतर्गत परीक्षा हातची जात नाही. प्रॅक्टिकलमध्ये मात्र हीच मुलं बारावीवाल्यांच्या पुढे असतात.

२३. आम्ही बेळगावकडचे. मुलाला महाराष्ट्रातून प्रवेश मिळाला, कागदांत काही वेगळं लागतं का?

सीमाभागातल्या मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी कॅपमध्ये वेगळा गट आहे. गाव वादग्रस्त सीमाभागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन्ही दाखले विहित नमुन्यात मूळ लागतात. कर्नाटक मंडळाची बारावी असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट विसरू नका (प्रश्न २), एलिजिबिलिटी त्यावरच अडते.

२४. दुसरीकडे चांगली जागा मिळाली. इथला प्रवेश रद्द केला तर फी परत मिळेल?

प्रवेशाच्या अंतिम दिनांकाच्या आत रद्द केला तर जास्तीत जास्त हजार रुपये प्रक्रिया शुल्क कापून बाकी सगळी फी परत मिळायला हवी. त्यानंतर रद्द केला आणि जागा रिकामीच राहिली तर फक्त अनामत रक्कम. म्हणून तारीख हीच सगळी गोष्ट. सीईटी कक्षाच्या पोर्टलवर विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून रद्दीचा अर्ज करा, त्याची सही केलेली प्रत कॉलेजात द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेलं धरत नाहीत. मूळ दाखला त्याच दिवशी मागा, कारण नव्या कॉलेजात तो लागतो.